एसीतला अतिनील दिवा : काम काय, दावा काय

सर्व्हिसिंगला आलेला मेकॅनिक एसीच्या इनडोअर युनिटचं पुढचं झाकण काढतो, खाली प्लास्टिकचं कव्हर बांधून त्याचं तोंड बादलीत सोडतो आणि जेट पंपाने कॉइलवर पाण्याचा मारा करतो. सुरुवातीला बादलीत उतरणारं पाणी काळं असतं. त्यात धूळ असते, कपड्यांचे बारीक तंतू असतात, केस असतात आणि बोटांत धरू गेलं तर निसटणारा बुळबुळीत गाळ असतो. ड्रेन ट्रेच्या कोपऱ्यांतून तर लिबलिबीत थरच निघतो. हाच थर पाइपात अडकला की एसीचं पाणी भिंतीवरून ओघळायला लागतं.

हा थर जिवंत असतो. जिवाणू आणि बुरशी ओल्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्याच्या आडोशाने वाढत राहतात. शास्त्रज्ञ याला बायोफिल्म म्हणतात. एसीच्या पोटात तिला हवं ते सगळं मिळतं. कॉइल साधारण ८ ते १२ अंश सेल्सियसपर्यंत थंड असते. खोलीतली दमट हवा तिच्यावरून जाताना हवेतली वाफ ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर पाणी होऊन साचते. जून महिन्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. पाण्याची सोय अशी झाली, अन्न धुळीतून मिळतं आणि अंधार आहेच. एसी बंद केला की कॉइल खोलीइतकी गरम होते, पण ओलीच राहते. बुरशीला सगळ्यात मानवतात ते हे तास. बरेच दिवस बंद ठेवलेला एसी सुरू करताना पहिल्याच झोताबरोबर येणारा कुबट वास तिथून येतो.

या ओल्या अंधारावर उपाय म्हणून अतिनील किरणांचा दिवा विकला जातो. त्याची मोठी बाजारपेठ अमेरिकेत आहे, आणि त्याला कारण तिथली घरं. तिथे बहुतेक घरांत अख्ख्या घराला मिळून एकच यंत्रणा असते. बेसमेंटमध्ये किंवा माळ्यावर मोठी कॉइल आणि मोठा पंखा बसवलेला असतो आणि तिथून डक्टमधून प्रत्येक खोलीत हवा जाते. या डक्टला भोक पाडून आत दिवा बसवणं सोपं असतं. टेक्सास, फ्लोरिडासारख्या दमट राज्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना वार्षिक तपासणीला आलेला तंत्रज्ञ हा दिवा हमखास सुचवतो. करोनाच्या साथीनंतर आपल्याकडेही स्प्लिट एसीत बसवायचे छोटे दिवे आणि 'यूव्ही'चा शिक्का मारलेले एसी दिसू लागले.

दिव्यामागचं विज्ञान भक्कम आहे, सव्वाशेहून जास्त वर्षांच्या प्रयोगांतून ते उभं राहिलं आहे. घोळ होतो तो त्याला चिकटवलेल्या दाव्यांमुळे. या एका दिव्याच्या नावावर दोन अगदी वेगळी कामं खपवली जातात. एक, कॉइल आणि ट्रे स्वच्छ ठेवणं. दोन, घरात खेळणाऱ्या हवेतले जंतू मारणं. पहिलं काम तो चोख करतो. दुसरं तो करू शकतो, पण त्यासाठी लागणारी परिस्थिती घरच्या एसीत सहसा नसते. कुटुंबात दम्याचं मूल असेल किंवा फुप्फुसाचा आजार असलेलं वडीलधारं माणूस असेल, तर पैसे खर्च करण्याआधी हा फरक कळायलाच हवा.

उन्हापासून दिव्यापर्यंत

अतिनील किरणांचा शोध १८०१ साली लागला. योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून सिल्व्हर क्लोराइडवर पाडले. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे ते रसायन सगळ्यात वेगाने काळं पडलं. प्रकाशाचा जंतूंशी असलेला संबंध उजेडात यायला १८७७ साल उजाडलं. आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट या दोघा इंग्रजांनी जंतू वाढतील अशा द्रावणाच्या नळ्या उन्हात ठेवल्या आणि तशाच काही नळ्या शिशाच्या पत्र्यात गुंडाळल्या. झाकलेल्या नळ्यांतलं द्रावण गढुळलं, उन्हातलं नितळ राहिलं. ऊन जंतूंना वाढू देत नाही आणि त्यातही निळ्या-जांभळ्या टोकाचा प्रकाश जास्त परिणाम करतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी एकवटलेल्या प्रकाशाने त्वचेचा क्षयरोग बरा करून दाखवला आणि १९०३ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

गाद्या-गोधड्यांना वर्षातून एकदा कडक ऊन दाखवण्याची आपली रीत याच निरीक्षणाशी जुळते. मात्र उन्हाची आणि दिव्याची करणी सारखी नाही. अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट पडतात : ए, बी आणि सी. जंतूंना सगळ्यात घातक असलेला सी गट सूर्याकडून निघतो, पण वातावरणातला ओझोन आणि ऑक्सिजन तो वरच्या वर शोषून घेतात, जमिनीपर्यंत तो पोचतच नाही. उन्हात काम करतात ते बी आणि ए गटाचे किरण, उष्णता आणि कोरडेपणा. सी गटाचे किरण हवे असतील तर ते दिव्यातूनच मिळवावे लागतात. पृथ्वीवरच्या जिवाणूंना, बुरशीला आणि आपल्या डोळ्यांनाही या किरणांची कधी सवय झालेली नाही. त्यांची ताकद आणि त्यांचा धोका, दोन्ही त्यातूनच येतात.

नेमकी कोणती तरंगलांबी सगळ्यात मारक, हे अमेरिकेतल्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधले फ्रेडरिक गेट्स यांनी १९३०च्या सुमारास मोजून दाखवलं. जंतू मरण्याचा आलेख २६५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत उंच जात होता आणि तो न्यूक्लिक आम्ल ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं तिच्याशी जुळत होता. अनुवंशाची माहिती डीएनएमध्ये असते हे सिद्ध व्हायला तेव्हा अजून दीड दशक होतं. आज आपल्याला कारण ठाऊक आहे. हे किरण डीएनएमधल्या शेजारशेजारच्या थायमिन घटकांना एकमेकांत अडकवून टाकतात. अशा गाठी जागोजागी पडल्या की पेशीला स्वतःची नक्कल करता येत नाही. तिची वाढ आणि तिचा संसर्ग तिथेच थांबतो. कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेचा दिवा २५३.७ नॅनोमीटरचे किरण सोडतो. गेट्स यांच्या शिखराच्या हा आकडा इतका जवळ आहे की हा स्वस्त, साधा दिवाच जंतुनाशनाचं मुख्य हत्यार ठरला.

शाळा, वॉर्ड आणि गिनीपिग

हवेतून पसरणाऱ्या रोगांवर हा दिवा चालवून पाहिला विल्यम वेल्स यांनी. खोकल्यातून उडणारे थेंब हवेतच सुकतात आणि उरलेले सूक्ष्म कण तासन्‌तास तरंगत राहतात, ही कल्पना त्यांनी १९३४ साली मांडली. मग फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत वर्गांच्या वरच्या भागात दिवे लावले. १९४१च्या गोवराच्या साथीत दिवे असलेल्या वर्गांत संसर्ग बराच कमी पसरला. पण न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातल्या शाळांत असेच दिवे लावले, तेव्हा तसं यश आलं नाही. तिथली मुलं शाळेच्या बसमध्ये दाटीवाटीने बसून यायची, आणि बसमध्ये दिवा नव्हता. दिवा जिथे आहे तिथलीच हवा तो सांभाळतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

डक्टमधल्या दिव्याचा सगळ्यात नेमका प्रयोग बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात झाला. वेल्स यांच्या कल्पनेवरून रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्षयरोग्यांच्या वॉर्डातून बाहेर जाणारी हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे वळवली. गिनीपिगला क्षय चटकन होतो, त्यामुळे हवेत जंतू आहेत की नाहीत हे तो प्राणीच सांगतो. एका खोलीतल्या गिनीपिगांना वॉर्डातली हवा जशीच्या तशी मिळत होती. दुसऱ्या खोलीकडे जाणारी हवा डक्टमध्ये अतिनील दिव्यांसमोरून जात होती. पहिल्या खोलीतल्या प्राण्यांना एकामागून एक क्षयाची लागण होत गेली. दुसऱ्या खोलीत एकालाही झाली नाही.

या निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. क्षय हवेतून पसरतो, आणि डक्टमधला दिवा हवेतले क्षयाचे जंतू निकामी करू शकतो. घरच्या दिव्याच्या जाहिराती नेमक्या याच परंपरेवर हक्क सांगतात. पण प्रयोगाची रचना नीट पाहायला हवी. वाचले ते डक्टच्या पुढच्या टोकाला असलेले गिनीपिग. वॉर्डातल्या रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला त्या दिव्याचा काही उपयोग नव्हता, कारण रुग्णाच्या खोकल्यातली हवा डक्टपर्यंत पोचण्याआधी त्याच्यापर्यंत पोचत होती. घरातही हेच होतं. सर्दी झालेलं मूल आणि त्याची आजी एकाच सोफ्यावर बसली असतील तर दोघांमधलं अंतर हातभर आणि डक्टचं तोंड छतापाशी असतं.

म्हणूनच रुग्णालयांत पुढे खोलीच्या वरच्या भागात, माणसांच्या डोक्यांच्या वर किरण सोडणारे दिवे जास्त उपयोगी ठरले. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयात एचआयव्ही आणि क्षय दोन्ही असलेल्या रुग्णांच्या वॉर्डातली हवा पुन्हा गिनीपिगांवर तपासली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साध्या हवेतल्या ३५ टक्के प्राण्यांना लागण झाली, तर वॉर्डात वरचे अतिनील दिवे आणि हवा ढवळणारे पंखे सुरू असताना ९.५ टक्क्यांना. तिथे दिवा त्याच खोलीत होता आणि खोलीतली हवा संथपणे त्याच्या टप्प्यात येत-जात होती.

सगळा हिशेब वेळेचा

जंतूला मिळणारी किरणांची मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले वेळ. तापलेल्या तव्यावरून हात झटकन फिरवला तर भाजत नाही, टेकवून ठेवला तर कातडं निघतं. तसंच हे आहे.

आकड्यांत मांडू. डक्टमधली हवा सेकंदाला अडीच मीटर वेगाने जाते असं धरा आणि दिव्याचा प्रखर उजेड अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात पडतो असं धरा. हवेतला जंतू त्या उजेडात सेकंदाचा पाचवा भाग राहतो. तिथली तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॉट असेल तर जंतूला मिळालेली मात्रा ०.२ मिलिज्यूल. काही नाजूक विषाणू आणि जिवाणू एवढ्यानेही कमी होतात, आणि तीच हवा पुन्हा पुन्हा फिरत असल्याने परिणाम थोडा थोडा साचतोही. पण बुरशीचे बीजकण फार चिवट असतात. काळ्या बुरशीच्या रंगीत, जाड कवचाच्या बीजकणांना शंभर मिलिज्यूलहून जास्त मात्रा लागू शकते. एका फेरीत त्यांना काहीच होत नाही. शिवाय दिव्याचा थांबलेल्या हवेत उपयोग नाही. पंखा बंद असेल तर हवा त्याच्यासमोर येतच नाही, आणि घरातला पंखा दिवसभर चालू नसतो.

आता कॉइलचा हिशेब करू. कॉइल जागची हलत नाही. दिवा तिच्यापासून थोडा लांब बसवला आणि पृष्ठभागावर तीव्रता ५० मायक्रोवॉट, म्हणजे मघाच्या फक्त वीसावा भाग मिळाली, तरी दिवसाच्या २४ तासांत मात्रा ४,३०० मिलिज्यूलच्या पुढे जाते. वाहत्या हवेला एका फेरीत मिळाली त्याच्या वीस हजार पटींहून जास्त. ॲल्युमिनियम हे किरण चांगले परावर्तित करतं, त्यामुळे पात्यांच्या फटींतही ते काही अंतर आत शिरतात. एवढ्या मात्रेपुढे चिवट बुरशीचाही टिकाव लागत नाही. नवा थर बसण्याआधीच मरतो आणि जुना हळूहळू सुकून सुटतो.

याचा पुरावा माँट्रियलमधून आला. मॅकगिल विद्यापीठातले डिक मेन्झीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन कार्यालयीन इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणेत कॉइल आणि ड्रेन पॅनवर अतिनील दिवे लावले. चार आठवडे दिवे चालू, बारा आठवडे बंद, अशी आवर्तनं केली. सव्वासातशेहून जास्त कर्मचारी या अभ्यासात होते आणि दिवे कधी चालू आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. किरण पडत होते त्या पृष्ठभागांवरचे जंतू आणि त्यांची विषारी द्रव्यं ९९ टक्क्यांनी घटली. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या जागेशी निगडित तक्रारी एकूण सुमारे एक पंचमांशाने कमी झाल्या, श्वसनाच्या तक्रारी त्याहून जास्त. घराला हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे. दिव्याने खरा फायदा दिला तो ओल्या पृष्ठभागावर रोखून ठेवल्यावर.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची घरगुती दिव्यांबाबतची भूमिकाही सावध आहे. घरच्या यंत्रणांतल्या नेहमीच्या दिव्यांकडून जिवाणू आणि बुरशीचे बीजकण मारले जाण्याचं प्रमाण मर्यादित राहतं, असं ती सांगते. धूळ, परागकण, धूर, पीएम २.५ यांच्यावर तर या दिव्याचा परिणामच होत नाही. आणि मेलेली बुरशीही ॲलर्जी देऊ शकते. तिचे तुकडे गाळायला गाळणीच हवी.

दिवा बसवल्यावर

आपला दिवा नीट चालला आहे असं निळ्या उजेडावरून समजणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. दिसतो तो निळा उजेड पाऱ्याच्या वाफेचा सोबतचा प्रकाश आहे, मारक किरण डोळ्यांना दिसत नाहीत. दिवा साधारण ९,००० तास, म्हणजे अखंड चालवला तर वर्षभर पुरेशी ताकद देतो. पुढे तो तसाच निळा जळत राहतो, पण मारक किरण घटलेले असतात. म्हणून कॅलेंडर बघून वर्षाला नळी बदलायची. नळीवर धुळीचा थर बसला किंवा बोटांचा तेलकटपणा लागला तरी किरण अडतात. ती स्वच्छ, मऊ कापडाला अल्कोहोल लावून पुसावी लागते, तीही वीज बंद करून. त्यातच थंड, वेगवान हवेत नळी थंड पडते आणि तिची ताकद उतरते. म्हणजे एसीच्या झोतात, जिथे दिव्याची गरज आहे, तिथेच त्याला सगळ्यात जास्त झगडावं लागतं. चांगले उत्पादक थंड झोतासाठी वेगळी नळी बनवतात. विकत घेताना हे विचारावं.

विजेचा खर्च फार नाही. १८ वॉटचा दिवा वर्षभर अखंड चालला तर १५८ युनिटच्या आसपास वीज लागते. पण तो अखंडच चालला पाहिजे. एसीच्याच बटणाला जोडून एसीबरोबर विझणारा दिवा, कॉइल ओली आणि गरम असते त्या सगळ्यात नाजूक तासांत झोपलेला असतो.

धोके तीन आहेत आणि तिन्ही गंभीरपणे घ्यायचे आहेत. पहिला डोळ्यांचा. सी गटाच्या किरणांसाठी आठ तासांत चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल ही आंतरराष्ट्रीय मर्यादा मानली जाते. मघाशी धरलेल्या १ मिलिवॉट तीव्रतेच्या जागी ही मर्यादा सहा सेकंदांत संपते. त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं, पाणी येतं, उजेड सोसवत नाही. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या कामगारांना होतो तोच हा त्रास. झाकण उघडताच दिवा आपोआप बंद करणारी कळ नसेल, तर तो दिवा घरात आणू नये. साधी काच आणि बहुतेक प्लास्टिक हे किरण अडवतात, पण झडपेतून थेट झिरपणारा उजेड अडवायला मध्ये काहीच नसतं.

दुसरा धोका ओझोनचा. पाऱ्याच्या दिव्यातून २५३.७ नॅनोमीटरबरोबर १८५ नॅनोमीटरचे किरणही निघतात आणि ते हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन करतात. चांगल्या नळीची काच हे किरण अडवते. पण काही उत्पादनं ओझोन मुद्दाम निर्माण करतात आणि त्याच्या तीव्र वासाला ताजेपणा म्हणून विकतात. जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना दाह करतो, दम्याच्या रुग्णाला तो थेट त्रास देतो. फरशी पुसण्याच्या लिंबाच्या वासाच्या द्रवातल्या वाफांशी त्याचा संयोग होऊन फॉर्मल्डिहाइडसारखी घातक द्रव्यंही बनतात. कॅलिफोर्नियात घरगुती हवाशुद्धी उपकरणांना ०.०५० पीपीएमच्या वर ओझोन सोडण्याची परवानगी नाही. 'ओझोनयुक्त', 'ॲक्टिव्ह ऑक्सिजन' असे शब्द खोक्यावर दिसले तर ते खोकं तिथेच ठेवून यावं.

तिसरा धोका आपल्या स्प्लिट एसीसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. अतिनील किरण प्लास्टिक कुजवतात. ते पिवळं पडतं, ठिसूळ होतं, तडकतं. अमेरिकन डक्टमध्ये आजूबाजूला बहुतेक पत्रा असतो. आपल्या भिंतीवरच्या युनिटमध्ये मात्र ड्रेन ट्रे प्लास्टिकचा, हवा फेकणारा लांबट ब्लोअर प्लास्टिकचा, झाकण आणि जाळी प्लास्टिकची, शेजारी वायरींचं वेष्टण. बाहेरून आणलेला दिवा आत चिकटवला तर काही काळाने ट्रेला तडा जाऊन पाणी भिंतीत मुरू शकतं. जागाही इतकी अरुंद असते की दिव्याचा उजेड कॉइलच्या छोट्या भागावरच पडतो, आणि सगळ्यात जास्त घाण धरणारा ब्लोअर सावलीत राहतो. कारखान्यातच या हिशेबाने बनवलेला एसी असेल तर गोष्ट वेगळी. नंतर बसवायच्या सुट्या दिव्याची मी कोणालाही शिफारस करणार नाही. नळीत थोडा पाराही असतो, त्यामुळे फुटलेली किंवा जुनी नळी रोजच्या कचऱ्यात टाकायची नसते, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची असते.

मोठ्या जागांत दिवा शोभतो

जिथे खूप माणसं एकाच फिरत्या हवेत बसतात, हवा ठरलेल्या मार्गाने जाते आणि देखभालीला तंत्रज्ञ असतात, तिथे या दिव्याचं पारडं जड होतं. चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने करोनाकाळात डक्टमध्ये बसणारी अतिनील यंत्रणा तयार केली आणि २०२१ साली ती संसदेत बसवण्याची घोषणा झाली. याच संस्थेच्या शिफारशीवरून नव्या वंदे भारत गाड्यांच्या छतावरच्या एसी युनिटमध्ये अतिनील किरणांची हवाशुद्धी यंत्रणा घातली गेली. या नव्या रचनेची पहिली गाडी ३० सप्टेंबर २०२२ला मुंबई सेंट्रल आणि गांधीनगर यांना जोडणाऱ्या मार्गावर सुरू झाली. खिडक्या उघडत नाहीत अशा डब्यात अनोळखी माणसं तासन्‌तास एकच हवा वापरतात, तिथे असा खर्च समजण्यासारखा आहे. दिव्यांची संख्या, हवेचा वेग आणि मात्रा यांचं गणित आधी मांडूनच अशी यंत्रणा बसवली जाते. घराला विकल्या जाणाऱ्या दिव्याबरोबर हे गणित कोणी देत नाही.

घरात पैसे कुठे घालावेत

घरच्या एसीची हवा चांगली ठेवायची तर आधी ओल आणि धूळ यांना हात घालावा. जाळीचा फिल्टर वापराच्या महिन्यांत दर पंधरवड्याला काढून नळाखाली धुवावा, सावलीत वाळवून बसवावा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बुरशीचं अन्न त्यानेच तुटतं. उन्हाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर पूर्ण सर्व्हिसिंग करून घ्यावं, आणि नुसता फिल्टर झटकून मेकॅनिकला जाऊ देऊ नये. ट्रे आणि ब्लोअर काढून किंवा निदान नीट उघडून धुतला जातोय ना, ड्रेन पाइपाला सलग उतार आहे ना, हे उभं राहून पाहावं. एसी बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं तो नुसत्या पंख्यावर चालवावा, म्हणजे कॉइल कोरडी होते. बऱ्याच नव्या एसींत ही सोय आपोआप चालते, ती बंद करून ठेवू नये.

दुसरी गोष्ट ताजी हवा. आपला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची एक झुळूकही आत घेत नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये भारतातल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या 'इशरे' या संघटनेने करोनासाठी सूचना काढल्या. घरचा एसी २४ ते ३० अंशांत ठेवा, आर्द्रता ४० ते ७० टक्के राखा आणि खिडकी किलकिली ठेवून बाहेरची हवा येऊ द्या, असं त्यांत होतं. घरात कोणी आजारी असेल तर आजही यापेक्षा सोपा आणि स्वस्त उपाय नाही. बाहेर धूर किंवा धूळ असेल तर खोलीत हेपा फिल्टरचा शुद्धक लावावा. बीजकण, धूळ आणि विषाणू वाहून नेणारे सूक्ष्म थेंब तो एकदमच गाळतो.

यानंतरही कॉइलवर पुन्हा पुन्हा थर धरत असेल, आणि यंत्रणा डक्टची असेल, तर अतिनील दिव्याचा विचार जरूर करावा. अमेरिकेतल्या घरांत, आपल्याकडच्या मोठ्या बंगल्यांत, दवाखान्यांत, छोट्या कार्यालयांत त्याला जागा आहे. विक्रेत्याला विचारायचे प्रश्न थोडके आहेत. किरण कॉइलवर आणि ट्रेवर पडतात ना? दिवा चोवीस तास चालतो ना? नळी ओझोन सोडत नाही याचं प्रमाणपत्र आहे ना? झाकण उघडल्यावर तो आपोआप विझतो ना? वर्षाने नवी नळी मिळेल ना, आणि कितीला? या पाचही प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर हा दिवा तुमची कॉइल स्वच्छ ठेवील. विक्रेता मात्र 'घरातल्या हवेतले ९९ टक्के जंतू मारतो' एवढंच सांगत राहिला, तर किती वेगाच्या हवेत, किती सेकंदांत आणि कोणते जंतू, हे त्याला विचारा. उत्तर आलं नाही तर त्याच पैशांत दोन वेळा नीट सर्व्हिसिंग करून घ्या. घरच्यांना त्याचा जास्त उपयोग होईल.